चित्रकाराचा चेहरा आणि कारागिराचे नाव



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो पगारवाढ, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही तैलचित्रांविषयी बोलणार आहोत. आम्ही कोणत्याही कलाशाळेत शिकलेलो नाही. वाचनालयातली पुस्तके आणि मुंबईला मोर्चाबैठकांसाठी गेलो असता पाहिलेली संग्रहालये, एवढीच आमची शाळा. तरीही हा विषय आम्ही आपल्या अधिकाराबाहेरचा मानीत नाही. हाताने काम करणाऱ्याचे नाव त्याच्या कामाबरोबर राहते की पुसले जाते, हा आमचा रोजचा प्रश्न आहे आणि चित्रकलेच्या इतिहासात तो जितका उघडा दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसतो.

चित्रकार आरशासमोर बसून स्वतःचाच चेहरा रंगवितो, त्याला आत्मचित्र म्हणतात. युरोपात ही रीत जुनी आहे. सतराव्या शतकात हॉलंडच्या रेम्ब्रांटने तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत आपली चित्रे पुनःपुन्हा रंगविली. ही हौस असे कोणी म्हणेल, पण कामाच्या हिशेबाने पाहिले तर त्याला तीन साधी कारणे सापडतात. पहिले म्हणजे समोर बसणाऱ्या माणसाला पैसे द्यावे लागतात. आरशातला माणूस फुकट बसतो आणि कंटाळत नाही. दुसरे म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवावयास नमुना मिळतो, कारण समोर बसलेला माणूस आणि चित्र यांचा मेळ त्याला जागच्या जागी घालून पाहता येतो. तिसरे कारण अधिक खोल आहे. युरोपात चित्रकाराची गणना कित्येक शतके सुतार-सोनारांबरोबर होत असे. पुढे त्याला विद्वानांच्या आणि सभ्य गृहस्थांच्या पंक्तीत बसावेसे वाटू लागले. लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ साली स्थापन झाली ती याच खटपटीतून. आत्मचित्र हा त्या खटपटीतला एक दाखलाच होता. 'हे काम माझे आणि हे करणारा मी असा आहे', असे त्यात चित्रकार सांगतो.

टर्नर हा इंग्रज चित्रकार लंडनच्या एका न्हाव्याचा मुलगा. १७९९ च्या सुमारास, विशीतच, त्याने आपले तैलचित्र रंगविले. त्याच वर्षी अकॅडमीने त्याला आपल्यात घेतले. २०२० साली इंग्लंडात २० पौंडांची जी नवी नोट चलनात आली तिच्यावर याच आत्मचित्रावरून घेतलेला चेहरा आहे. न्हाव्याच्या मुलाला नोटेवर जागा मिळाली ती त्याच्या कामाच्या बळावर. पण त्याने आपला चेहरा मागे ठेवला होता म्हणून ती देता आली, हेही विसरून चालणार नाही.

आता हिंदुस्थानकडे वळू. कंपनी सरकारच्या काळात अनेक इंग्रज चित्रकार पोटासाठी इकडे आले. त्यांतला जॉर्ज चिनरी हा आमच्या विषयाला फार उपयोगी पडतो. तो १७७४ साली लंडनला जन्मला, १८०२ मध्ये मद्रासला उतरला आणि पुढे कलकत्त्यात साहेब लोकांची व्यक्तिचित्रे काढून नामांकित झाला. मिळकत मोठी होती आणि खर्च तिच्याहून मोठा. सावकारांचा तगादा इतका वाढला की त्याने आधी डेन लोकांच्या ताब्यातील श्रीरामपूर गाठले, कारण तेथे इंग्रजांच्या कोर्टाचा हात पोचत नसे. आणि १८२५ साली तो थेट पोर्तुगीजांच्या मकावला गेला. १८५२ मध्ये तेथेच वारला. मकावमध्ये साधारण १८४० च्या सुमारास त्याने आपले तैलचित्र रंगविले. ते आज लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे. त्यात म्हातारा चिनरी चष्मा लावून आपल्या कामाच्या खोलीत बसला आहे आणि चष्म्यावरून पाहणाऱ्याकडे रोखून बघतो आहे. कर्जबाजारी, घरादाराला पारखा झालेला हा माणूस. पण चित्रात तो कोणाची क्षमा मागत नाही. हत्यारे जवळ आहेत, काम समोर आहे, तेवढे त्याला पुरते.

या गोष्टीचा उत्तरार्ध आम्हांला पूर्वार्धाइतकाच महत्त्वाचा वाटतो. कँटन बंदरात लामक्वा नावाचा एक चिनी चित्रकार होता. विलायती पद्धतीची तैलचित्रे तो चिनरीच्या धाटणीने काढी आणि दर मात्र त्याच्यापेक्षा पुष्कळच कमी लावी. चिनरीने त्याला आपला शिष्य म्हणून कबूल केले नाही. आम्ही कारखान्यांच्या दारांत जे पाहतो तेच येथे दिसते : कसब जवळपास तेच, पण गोऱ्या हाताचा भाव एक आणि पिवळ्या हाताचा दुसरा. लामक्वाला गिऱ्हाइके मिळाली ती स्वस्ताईमुळे आणि त्याच स्वस्ताईमुळे त्याला दुय्यम ठरविण्यात आले. तथापि लामक्वानेही आपले आत्मचित्र रंगविले, विलायती तैलरंगांत आणि चिनी पोशाखात. त्याची चित्रे लंडनच्या अकॅडमीच्या प्रदर्शनातही मांडली गेली. ज्याला कोणी आपला म्हणत नव्हते, त्याने स्वतःच आपली नोंद करून ठेवली.

येथे तैलरंगांविषयी थोडे सांगावेसे वाटते, कारण हत्यार कळल्याशिवाय काम कळत नाही. जवसाच्या तेलात खललेला रंग सावकाश वाळतो. त्यामुळे एका थरावर दुसरा पातळ थर देता येतो, कडा मिसळता येतात, कातडीखालचे रक्त दिसावे तशी झाक आणता येते. चेहरा रंगविण्यास यासारखे साधन नाही. पूर्वी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत. टोचून रंग काढला की उरलेला लवकर वाळून जाई. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाची दाबता येणारी नळी काढली आणि रंग खिशात घालून कोठेही नेता येऊ लागला. चित्रकार खोलीबाहेर पडला, बोटीत बसला, डोंगरांत गेला, त्याला या साध्या नळीचा मोठा हातभार आहे.

अशा डोंगरांपैकी एक डोंगर आपल्या महाराष्ट्रात आहे. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीसाठी वाघूर नदीच्या खोऱ्यात गेला असता त्याला अजिंठ्याचे दहावे लेणे दिसले. जवळपासच्या लोकांना लेणी ठाऊक होतीच. बाहेरच्या जगाला ती कळली ती तेव्हापासून. या गृहस्थाने आत जाऊन एका खांबावर, चित्रावरच, आपले नाव आणि तारीख खरडून ठेवली. लेणे तेव्हा मातीदगडांनी भरलेले होते, त्या ढिगावर उभे राहून त्याने ती अक्षरे कोरली. म्हणून आज ती माणसाच्या डोक्याहून उंच दिसतात. ज्याने ते चित्र काढले त्याचे नाव तेथे नाही आणि ज्याने त्याच्यावर ओरखडा काढला त्याचे नाव मात्र दोनशे वर्षे टिकले आहे.

१८४४ साली मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल यांना अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी पाठविण्यात आले. अजिंठा गावच्या बारादरीत राहून त्यांनी कित्येक वर्षे मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत नकला केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि बहुतेक सर्व काम जळून गेले. गिल यांनी पुढे छायाचित्रेही घेतली. १८७९ साली ते वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. त्यांच्याबरोबर राहिलेली पारो ही आपल्या मुलखातली बाई १८५६ मध्ये वारली. तिची समाधी अजिंठा गावात आहे आणि तिच्यावर गिल यांनी तिचे नाव कोरवून घेतले. लोक या गोष्टीतील प्रेमकथाच सांगतात. आम्हांला तिच्यातला दुसरा भाग लागतो. त्या काळी साहेबाच्या घरातल्या देशी बाईचे नाव कागदावर येणेही दुर्मिळ, तेथे ते दगडावर आले. एकाने मनावर घेतले म्हणून एक नाव राहिले.

गिल यांच्या मागून काम आले ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेकडे. ही शाळा १८५७ साली जमशेटजींच्या देणगीतून सुरू झाली. तिचा पहिला हेतू इकडच्या कारागिरांना विलायती पद्धतीचे रेखाटन आणि नक्षीकाम शिकवावे, हा होता. १८६५ साली विलायतेहून तीन शिक्षक आले : जॉन ग्रिफिथ्स, लॉकवुड किपलिंग आणि हिगिन्स. किपलिंग यांनी १८७० साली उत्तर हिंदुस्थानात फिरून तिकडच्या कारागिरांची फार सुरेख रेखाचित्रे काढली. माणूस कामात गढलेला आहे, हात आणि हत्यार एकजीव झाले आहेत, असे ते काम आहे.

वर्ध्याहून रेल्वेने मुंबईला जाणाऱ्यांनी या शाळेचे काम नकळत पाहिलेले असते. पूर्वीच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले. त्यावरील पाने, फुले, पशुपक्षी आणि जाळ्या या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातच्या आहेत. त्याच भिंतींवर दगडी चकत्यांत कोरलेले चेहरे आहेत. ते जी. आय. पी. रेल्वेच्या संचालकांचे आहेत. त्यांत जमशेटजी आहेत, नाना शंकरशेटही आहेत. याच कंपनीने १८६७ साली आपल्या वर्ध्यावरून नागपूरपर्यंत लोहमार्ग नेला आणि आपल्या मुलखातला कापूस मुंबईच्या बंदराला जोडला. संचालकांचे चेहरे तेथे असावेत याला आमची हरकत नाही. ज्या पोरांनी दगडातून ती पाने जिवंत केली आणि ज्या मजुरांनी रूळ टाकले, त्यांचा एकही चेहरा त्या भव्य इमारतीवर नाही, एवढेच आम्ही नोंदवितो. पुढच्या वेळी गाडीतून उतराल तेव्हा दोन मिनिटे मान वर करून पाहावे, ही विनंती.

१८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्यास राहून नकला करीत होते. सुमारे ३०० चित्रे तयार झाली. काही तर वीस फूट लांबीची. लेण्यांत अंधार, भिंती उंच, चित्रांचे पोपडे सुटलेले. मूळ काम मातीच्या गिलाव्यावरचे होते : माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून भिंत लिंपावयाची, वर चुन्याचा पातळ हात द्यावयाचा आणि सुकलेल्या पृष्ठभागावर डिंक-सरसात कालविलेले खनिज रंग भरावयाचे. असे हे कोरडे, मऊ काम तेलाच्या चकचकीत रंगांत कापडावर उतरवावयाचे म्हणजे एका भाषेतले बोलणे दुसऱ्या भाषेत आणण्यासारखे होते. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी हे पुढे नामांकित झाले. तयार नकला लंडनला गेल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या शंभराहून अधिक जळाल्या. एकाच लेण्यांच्या नकला दोनदा सातासमुद्रांपलीकडे नेल्या आणि दोन्ही वेळा तिकडे आगीत सापडल्या. चित्रे इकडेच असती तर सुरक्षित राहिली असती, असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्यांच्या पूर्वजांचे ते काम त्यांना ते पाहावयास मिळण्याआधीच राख झाले, हे मात्र खरे.

ग्रिफिथ्स यांना न्याय द्यावयास हवा. त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे या कामाला दिली. हिंदी विद्यार्थ्यांनी ग्रीक पुतळ्यांपेक्षा अजिंठ्याकडे पाहून शिकावे, असे त्यांचे मत होते आणि त्या काळच्या साहेबाला असे वाटणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यांचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ १८९६-९७ मध्ये लंडनला निघाला. मूळ चित्रांचा जो भाग नंतर गळून पडला त्याची साक्ष आज त्या नकलांतच उरली आहे. त्याचबरोबर चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर जे रोगण चढविले गेले त्याने पुढे चित्रांचे नुकसानच केले, हेही तितकेच खरे. परंतु आमचा प्रश्न निराळाच आहे. ग्रंथावर नाव एकाचे आले. कामाचे नियोजन, देखरेख आणि लेखन त्यांचे होते, म्हणून ते यावयासच हवे. पण तेरा वर्षांच्या कामात ज्यांनी पालथे पडून, शिडीवर लटकून, दिव्याच्या धुरात एकेक बोट आणि एकेक पापणी उतरविली ते हात अनेकांचे होते. आपण बोलताना सरळ 'ग्रिफिथ्सची चित्रे' म्हणतो. हे म्हणजे गिरणीतल्या कापडाच्या ताग्याला मालकाच्या हातचे कापड म्हणण्यासारखे आहे. तिकडच्या संग्रहालयाच्या नोंदींत काही नकलांखाली विद्यार्थ्यांची नावे आढळतात. ज्या कारकुनाने ती टिपून ठेवली त्याचे आम्ही मनापासून आभार मानतो. साधी नोंदवही नीट ठेवणारा माणूसही इतिहासाचे काम करीत असतो.

याच शाळेतून पुढे आपली माणसे वर आली. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली ग्रिफिथ्स यांच्या वेळी विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढे ते तेथेच शिक्षक झाले आणि अखेरीस काही काळ शाळेचे संचालकपदही त्यांनी सांभाळले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्या मते मराठीतले ते एक आत्मचित्रच आहे, रंगांऐवजी शब्दांत काढलेले. गोव्यातील सांगे येथे १८७० साली जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद हेही त्याच शाळेचे विद्यार्थी आणि नंतर शिक्षक. लोक त्यांना 'पूर्वेचा रेम्ब्रांट' म्हणत. त्यांनी घरच्या माणसांची चित्रे काढली, साध्या गरीब माणसांची काढली आणि रेम्ब्रांटप्रमाणे आरशासमोर बसून स्वतःचेही काढले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पणजीला पाहावयास मिळतो. आमच्या मनात या सर्व चेहऱ्यांची एक ओळ तयार होते. चिनरीने स्वतःला रंगविले ते गिऱ्हाइकांच्या जगातला एक गृहस्थ म्हणून. त्रिंदाद यांनी आरसा समोर धरला तेव्हा ज्या हातांना आधी फक्त नकला करावयास लावले होते त्या हातांनी 'हा मी' असे म्हटले. हत्यार विलायती, शिक्षण विलायती, पण चेहरा आपला.

येथे कोणी विचारील, की हे नावाचे खूळ विलायतेचेच. आपल्या परंपरेत कारागीर आपले नाव ठेवीत नसे, तो काम देवाला वाही. हे वरवर खरे दिसते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या भिंतीवर एक लेख आहे. त्यात लेणे करविणाऱ्या वराहदेवाचे नाव आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा तो मंत्री. काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम. वाकाटकांची दुसरी शाखा तर आणखी जवळची. आपल्या शेजारचे पवनार म्हणजेच प्रवरसेनाचे प्रवरपूर, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. तेव्हा अजिंठा ही दूरची गोष्ट नव्हे. वऱ्हाडच्या काळ्या मातीत पिकलेल्या धान्याचा महसूल त्या भिंतींवर रंग होऊन बसला आहे. त्या लेखात राजाची वंशावळ आहे, मंत्र्याची स्तुती आहे. चित्रे काढणाऱ्यांचे नाव नाही. मग नावाचे खूळ आपल्याकडे नव्हते असे कसे म्हणावे? दान देणाऱ्याला नाव हवे होते आणि ते त्याने दगडात कोरवून घेतले. निरहंकारी राहण्याचे पुण्य फक्त काम करणाऱ्याच्या वाट्याला आले. ज्याला विचारलेच नाही त्याच्या मौनाला त्याग म्हणता येत नाही.

हा प्रश्न केवळ मानाचा असता तर आम्ही त्यावर तुमची संध्याकाळ घेतली नसती. आपल्या जिल्ह्यात जिनिंग-प्रेसिंगचे काम हंगामी असते. कापूस आला की माणसे कामावर, कापूस संपला की घरी. अशा एका कारखान्यातील बायांचा हक्काचा पैसा मागण्यासाठी आम्ही हिंडत होतो तेव्हाची अडचण एकच होती : त्यांनी इतके हंगाम काम केले याला पुरावा नव्हता. हजेरीपत्रकावर कोठे 'बाई १', 'बाई २' असे लिहिलेले, कोठे मुकादमाचे नाव आणि पुढे फक्त आकडा. सरकीची धूळ त्यांच्या छातीत होती, पण नाव कोठेच नव्हते. ज्याचे नाव नोंदीत नाही त्याची मजुरी बुडविता येते, त्याचा अपघात नाकारता येतो, त्याचे म्हातारपण कोणाच्याच हिशेबात धरले जात नाही. नाव ही भाकरीची गोष्ट आहे.

म्हणून शेवटी उपदेश न करता एक काम सुचवितो. बोरगाव मेघे आणि वर्धा परिसरात अशी कितीतरी घरे आहेत, जेथे कोणी जिनात राबले, कोणी रेल्वेच्या रुळावर, कोणी विटाभट्टीवर, कोणी मागावर. आता प्रत्येकाच्या हातात छायाचित्र काढणारा फोन आहे. जे साधन मिळविण्यास चिनरीला उभे आयुष्य घालवावे लागले ते पोरांच्या खिशात आहे. या उन्हाळ्यात प्रत्येक घरातल्या तरुणाने आपल्या घरच्या वा शेजारच्या एका वृद्ध कामगाराचे छायाचित्र काढावे आणि त्याखाली चार गोष्टी लिहाव्यात : पूर्ण नाव, कोणते काम केले, कोठे केले आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत. छायाचित्र काढताना त्या माणसाला आधी विचारावे आणि त्याला कसे दिसावेसे वाटते तसे बसू द्यावे, म्हणजे ते त्याचे आत्मचित्र होईल. वाचनालयाने यासाठी एक वही उघडावी; ती सांभाळण्याची जबाबदारी आम्ही घेतो. पहिल्या पानासाठी दोन नावे आमच्याजवळ तयार आहेत. त्या दोघी आज येथे मागच्या रांगेत बसल्या आहेत आणि आपले नाव लिहावयास त्यांची संमती आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना वेळ असेल त्यांनी थांबावे, म्हणजे वहीची सुरुवात आजच करता येईल.